बाजारातले मौनीबुवा

मला माणसांचा राग नव्हता. पण चार माणसं एकदम समोर आली की माझी जीभ टाळूला चिकटायची. घरी पाहुणे आले की मी गोठ्यात जाऊन बसायचो. अशा मला मामांनी अमरावतीच्या कापूस बाजारात एका दलालाकडे चिकटवून दिलं. कारण एकच, मला कापूस कळायचा. मूठभर रुई हातात घेतली की ती पहिल्या वेचणीची की शेवटच्या, हे मी डोळे मिटून ओळखत असे.

तेव्हा दूर अमेरिकेत लढाई जुंपली होती. तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून सगळे व्यापारी वऱ्हाडावर तुटून पडले होते. बाजारात बोलण्याला ऊत आला होता. दलालांची माणसं गावाबाहेर रस्त्यावर उभी राहायची, गाडी दिसली की धावायची आणि शेतकऱ्याला साडूची तब्येत विचारायची. त्याला साडू नसला तरी.

त्या दलालाने, म्हणजे आमच्या शेटजींनी, मला पहिल्याच दिवशी धडा दिला. “राम राम घालायचा. घरचं इचारायचं, मंग बैलाचं. मंग हळूच कापसावर यायचं. समजलं काय?”

समजलं होतं. कौंडण्यपूरच्या वाटेवर मला एक म्हातारा शेतकरी भेटला. मी राम राम घातला. घरचं विचारायचं विसरलोच.

“बैल चांगले हायेत,” मी म्हणालो.

“हाव,” तो म्हणाला.

संपलं. आता कापसावर कसं यावं ते सुचेना, आणि परत फिरायला तोंड नव्हतं. म्हणून मी गाडीच्या बाजूने मुकाट चालत राहिलो. वाटेत दुसऱ्या दलालांची माणसं आली, बडबडली, म्हाताऱ्याने त्यांना हाकलून लावलं. माझ्याकडे मात्र तो अधूनमधून निरखून पाहत होता. बाजारापाशी आल्यावर त्याने विचारलं, “मौन धरलं काय तुमी?”

याचं उत्तर कसं द्यावं याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात त्याने हात जोडले आणि गाडी सरळ आमच्या दुकानापुढे सोडली.

आठवड्याभरात गावोगाव बोभाटा झाला की या दलालाकडे एक व्रतस्थ माणूस आहे. बोलत नाही, म्हणजे खोटंही बोलत नाही. बार्शीटाकळीच्या गाड्या अकोला सोडून आमच्याकडे येऊ लागल्या. मला अपराध्यासारखं वाटायला लागलं. मी शेटजींपुढे जाऊन उभा राहिलो.

“शेटजी, म्या काई व्रत धरलं नाही.”

“मंग तसं लोकाईले सांग.”

“तेच तं जमत नाही.”

शेटजींनी थोडा विचार केला. “मंग उद्यापासून गंध जरा मोठं लाव.”

मी गंध लावलं नाही, पण काम मात्र जमत गेलं. सौद्याची एक रीत माझ्या फार सोयीची होती. देणारा आणि घेणारा रुमालाखाली हात धरत आणि बोटं दाबून भाव ठरवत, म्हणजे भोवतीच्यांना कळू नये. एवढ्या गोंगाटात तेवढी एकच जागा शांत होती, आणि तिथे मी कुणाला हार जात नसे.

मग एकदा तोच म्हातारा कापूस घेऊन आला. मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या माणसाने गोणीत हात घातला आणि वजन वाढवायला पाणी मारलंय म्हणून सगळी गाडीच नाकारली. म्हातारा गोणीवर हात ठेवून शपथा घेऊ लागला. पाहता पाहता सगळा बाजार भांडणात उतरला. कोण कोणाच्या बाजूचा, हेही कळेना.

मला खरी गोष्ट माहीत होती. बाकीचे बोलत असताना मी बघत उभा होतो. पाणी मारून धूळ बसवायला आलेल्या पखालवाल्याचा बैल पाठीवर ठिबकती कातडी पखाल घेऊन त्याच गाडीला खेटून बराच वेळ उभा होता. शेटजींच्या कानात सांगावं, तर ते सर्वांत मोठ्याने ओरडत होते. शेवटी मी डोळे मिटले.

“पखाल गयते,” मी म्हणालो. “खालच्या गोण्या पाहा.”

बाजार चिडीचूप झाला. खालच्या गोण्या उपसल्या. त्या कोरड्या खडखडीत निघाल्या आणि व्यापाऱ्याच्या माणसाने मुकाट्याने माल घेतला. पण गोण्यांकडे लक्ष होतं कुणाचं? “बोलले! मौनीबुवा बोलले!” एवढंच चाललं होतं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्यापायी यांचं व्रत मोडलं, या दुःखाने तो दुसऱ्या दिवशी बायकोला आणि प्रायश्चित्ताचं सगळं सामान घेऊन आला. व्रत नव्हतंच, असं मी त्याला तीनदा सांगितलं. “मोठेपणा हाये तुमचा,” तो म्हणाला. मी मुकाट्याने पूजेला बसलो.

पुढे अमेरिकेतली लढाई थांबली, भाव उतरले आणि बरेच बोलके दलाल गावी परतले. मी अकोल्याला एका मुसलमान पिंजाऱ्याच्या भागीत दुकान टाकलं. तो मराठी आणि हिंदी दोन्हीत अखंड बोलायचा. दोन वर्षांनी त्याने एकदा मला विचारलं, “भाऊ, माह्या बोलन्याचा तरास तं नाही होत तुमाले?”

मी नाही म्हणून मान हलवली. ते खरंच होतं.