पाय पूर्वेला

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेत, नियंत्रण रेषेवरच्या एका पोस्टवर होती. मी हवालदार, सेक्शन कमांडर, म्हणजे दहा जवानांच्या तुकडीचा प्रमुख. सेक्शनमध्ये जालना जिल्ह्याचे आम्ही दोघेच. मी आष्टीचा, आणि लान्स नायक शमुवेल साळवे जुन्या जालन्याचा. पहाटे हत्यारं घेऊन मोर्चात स्टँड-टू, मग चहा, मग गस्त. शमुवेल चहाआधी डोळे मिटून प्रार्थना करायचा. मी चिडवायचो, "साळव्या, चहा गार होऊन राह्यला. देवाला म्हणावं, जल्दी आवर." तो डोळे न उघडताच हसायचा.

बर्फ वितळला की जमिनीत पुरलेले माइन, म्हणजे सुरुंग, जागा सोडतात. नकाशावरची मोकळी वाट मग मोकळी राहत नाही. त्या सकाळी शमुवेल पुढे होता. स्फोट झाला. मी वायरलेस सेटवर बोललो.

"माइन ब्लास्ट. कॅज्युअल्टी एक. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर."

"ढग आहेत. थांबा. ओव्हर."

त्याचे दोन्ही पाय गुडघ्याच्या वरून गेले होते. "आईला पायाचं सांगू नका, दादा," तो म्हणाला.

"न्हाई सांगत."

ढग हटले तेव्हा तो गेला होता.

त्याची शवपेटी घेऊन मीच जालन्याला आलो. ती उघडायची नाही, असा हुकूम होता. गल्लीत ट्रक शिरेना, म्हणून आम्ही पेटी खांद्यावर घेतली. त्याचे वडील याकोबबाबा पुढच्या खांद्याला लागले. कुणी बदलायला आलं तरी त्यांनी खांदा सोडला नाही.

कबरस्तानात सलामी झाली. तिरंगा घडी करून आईच्या हातात दिला. पेटी खाली सोडायला दोर लावताना बाबांनी हात वर केला.

"थांबा. पाय कोणीकडं हायेत?"

मला समजेना. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "आमच्यात पाय पूर्वेला ठेवतात, हवालदारसाहेब. प्रभू पूर्वेकडून येईल, तेव्हा उठून त्याच्याकडे तोंड पाहिजे."

डोकं कुठल्या बाजूला आहे ते मला ठाऊक होतं. पण 'पाय' हा शब्द तोंडातून निघेना. आई माझ्याकडेच बघत होती. कसंबसं दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं.

बाबा जवळ आले आणि माझ्या कानाशी बोलले. "लेकरा, खांद्याला पेटी हलकी लागली. समजलं मला."

मी मान खाली घातली.

"इथं लई सोसलं त्यानं. तिथं पुरा उठल. सोताच्या पायावर." मग मोठ्यानं म्हणाले, "फिरवा पेटी."

पेटी फिरवून खाली सोडली. सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली. आईची मूठ उघडेना. बाबांनी एकेक बोट सोडवलं. मी रडलो, आणि युनिफॉर्मवर आहे याची लाज वाटली नाही.

आता याकोबबाबाही त्याच्या शेजारीच आहेत. मी मारुतीचा भक्त. शमुवेल उठेल का, मला सांगता येत नाही. पण उठलाच, तर सेक्शनचं कुणीतरी तिथे हजर पाहिजे. म्हणून दर ईस्टरला, त्यांचा प्रभू उठला त्या दिवशी, मी अंधारात आष्टीहून निघतो, आणि सूर्य वर येईपर्यंत त्याच्या कबरीसमोर सावधान उभा राहतो.