कोळिणीच्या घरामागची भिंत

एखाद्या माणसाविषयी कोणी लिहायला बसलं की तुम्ही तयारीत बसता, मला माहीत आहे. एक म्हातारा येईल, वरून कडक, आतून मऊ. चार मोलाची वाक्यं बोलेल आणि शेवटच्या परिच्छेदात जाईल. तर आधीच सांगतो, देवमनकाका जात नाहीत. मी हे लिहितोय तेव्हा ते बाजूच्या शेडमध्ये काचेच्या पेटीत डोकं घालून बसलेत. रुमाल खिशात ठेवा. आणि आत काही मऊ सापडलंच तर मलाही दाखवा, मी बरेच दिवस शोधतोय.

पेटीत डोकं हे मी गंमत म्हणून नाही लिहिलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही ते तसेच होते. शेलूबाजारात हायवेला लागून, पंक्चरच्या दुकानामागे त्यांची टिनाची शेड आहे. मी आत गेलो तर खुर्चीवर धड बसलेलं, आणि डोकं काचेच्या पेटीत, डोळे मिटून. मी म्हणालो, "काका, जिते आहात ना?"

आतून घुमलेला आवाज आला. "थांब. वास घेऊन राह्यलो."

काकांचा धंदा असा की ते परदेशी पाली, साप आणि कोळी यांच्या घरामागच्या भिंती बनवतात. पुण्या-मुंबईकडे काही लोक असले प्राणी काचेच्या पेटीत पाळतात. पेटीच्या मागच्या बाजूला खडकासारखी, कपारी असलेली भिंत लावतात, म्हणजे प्राण्याला वाटावं आपण घरी आहोत आणि मालकाला वाटावं आपण जंगलात आहोत. खरा दगड लावला तर काच फुटेल, म्हणून थर्माकोल. फ्रिज-टीव्हीच्या खोक्यात येतं तेच. काका त्याचे तुकडे एकावर एक चिकटवतात, चाकूनं कोरतात, फटींत डब्यातला फुगणारा फोम मारतात, वरून टाइलच्या जोडात भरतात ते ग्राउट फासतात आणि रंग देतात. पाहिलं तर वाटतं उचलायला दोन गडी लागतील. उचललं तर सुपाएवढं हलकं. मग वास जाईपर्यंत सुकवायचं. वास गेला की नाही हे तपासायचं यंत्र म्हणजे काकांचं नाक.

"मले जिथं श्वास घेववत नाई, तिथं त्या जीवानं जलम कसा काढाव?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आधी ते मंडपवाले होते. नवरात्रात देवीच्या गुहा करायचे. पार पोहरादेवीकडून लोक त्यांची गुहा पाहायला यायचे आणि आत जाताना वाकायचे, गरज नसताना. मग थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली आणि गुहा बसल्या. अशात पुण्यात शिकणारा एक पोरगा आसेगावला मामाकडे आला. त्यानं जुनी गुहा पाहिली होती. म्हणाला, अशीच पाहिजे, पण लहान, माझ्या पालीसाठी. कमलकाकूंना, म्हणजे काकांच्या बायकोला, वाटलं पोरगा थट्टा करतोय. त्या चहा ठेवायला उठल्या होत्या, त्या परत बसल्या. काकांनी मात्र बराच वेळ विचार केला.

"देवी नऊ दिवस राह्यते," ते म्हणाले, "पाल बारा महिने राह्यीन. मंग पालीचं काम पक्कं पाह्यजे."

माझं काम फोनचं. मी नकलाकार आहे. शाळेत मी हेडमास्तरांचा आवाज काढायचो आणि अख्खा वर्ग उभा राहायचा. एकदा हेडमास्तरही उभे राहिले, दारात. काकांची बोली पुण्याच्या गिऱ्हाइकांना कळेना आणि त्यांची काकांना. तेव्हा काकांनी मला बोलावलं. "तू नकला करतं ना बे? मंग पुण्याची कर." तेव्हापासून मी शेडमधून "नमस्कार, हो, अगदी नक्की, बघतो आणि कळवतो" करतो. गिऱ्हाइकांना वाटतं आमचं सदाशिव पेठेत ऑफिस आहे. मागून म्हैस ओरडली तर मी म्हणतो, ट्रॅफिक आहे.

एकदा एकानं विचारलं, आपल्याकडचा साप पाळता येईल का? मी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "कायद्यानं बंदी हाये म्हण. अन बंदी नसती तरी आपल्या सापाले घर बांधून द्याचं काय काम? त्याचं हाये नं त्याले. ज्याले परमुलखातून आणलं त्याची सोय पाहाव लागते." मी पुण्याच्या आवाजात फक्त पहिलं वाक्य सांगितलं.

धंदा चालला, पण एक खोड होती. गिऱ्हाईक काहीही मागो, काका काळाच दगड करत. आफ्रिकेचं वाळवंट मागितलं, काळा दगड. ब्राझीलचं जंगल मागितलं, काळा दगड, जरा ओलसर.

"काका, वाळवंट म्हटलंय त्यांनी. पिवळं."

"खाली खोदलं का काया दगडच लागते. तुले काय मालूम?"

पाठवायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो मी फोनवर काढायचो. एका दुपारी गिऱ्हाइकाला दाखवायला फोटो सरकवत होतो, तर नाशिकच्या भिंतीतली भेग उजव्या कडेला बाहेर गेली आणि पुढच्या फोटोत, हैदराबादच्या भिंतीत, डाव्या कडेनं आत आली. बरोबर तिथूनच. मी आणखी सरकवले. पारव्याच्या घरट्याचं भोक नागपूरला अर्धं होतं, उरलेलं अर्धं ठाण्याला. सगळ्या भिंती एकमेकींना लागत होत्या.

"काका, ह्या सगळ्या एकच आहेत!"

काका ग्राउट कालवत होते. मान वर न करता म्हणाले, "मंग? इहीर गोल असते."

बाकीचं काकूंनी सांगितलं. "हे काई जंगलं बनवत नाई. आपली इहीर बनवून राह्यले. सासऱ्यानं खोदली होती. रस्ता मोठा झाला त्यात गेली."

"गेली नाई," काका म्हणाले. "बुजवली."

म्हणजे शेडसमोरून ट्रक धडधडत जातात, त्या डांबराखाली कुठंतरी ती विहीर आहे, आणि तिचा एकेक तुकडा काका ट्रॅव्हल्सच्या डिकीतून देशभर पाठवत होते. मी विचारलं, मग आपल्याकडे का नाही ठेवत? काकांना प्रश्नच आवडला नाही. "भिंतीत कोणी राह्यलं पाह्यजे. इहिरीत मासे असतात, कासव असते, पारवे असतात. रिकामी इहीर मी कायले पाहत बसू?"

शेवटची बाजू राहिली होती, दोराची. जिथून काकांची माय पाणी ओढायची. दोर घासून घासून तिथल्या दगडाला खाचा पडल्या होत्या. त्या बाजूला गिऱ्हाईक मिळालं, पुण्याचा निनाद. त्याच्याकडे तळहाताएवढी केसाळ कोळीण होती, दक्षिण अमेरिकेतली, झाडावर राहणारी. नाव राणी.

खाचा काकांनी चाकूनं केल्या नाहीत. "चाकूनं केलं का चाकूचं दिसते." त्यांनी आढ्यावरून विहिरीचा जुना दोर काढला, थर्माकोलवर टाकला, एका टोकाला काकूंना उभं केलं आणि दुसऱ्या टोकाला स्वतः. काकू पाणी ओढल्यासारखा दोर ओढायच्या, काका सोडायचे. रोज जेवण झाल्यावर थोडा थोडा. थर्माकोलचे दाणे उडून काकूंचं डोकं पांढरं व्हायचं. तसंही पांढरंच आहे, पण जास्त. मध्येच काकू ओरडायच्या, "भरली असन आता बादली!" काका म्हणायचे, "अजून खोल हाये. ओढ."

मी निनादला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला. "भिंत सुंदर आहे हो, पण ते दोरखंडाचे वळ कशाला? ॲमेझॉनच्या जंगलात विहीर नसते. मला माणसाची एकही खूण नकोय. ते बुजवून द्या, नाहीतर राहू दे."

मी काकांना सांगितलं.

"नाई म्हण त्याले."

"काका, एवढंसं ग्राउट लागेल. नाहीतर भिंत इथंच पडून राहील, रिकामी."

"पडू दे. पण त्या खाचीत बोट घालून पाह्य. हे मायचं हाये. बुजवाचं नाई."

अडचण अशी की भिंत रिकामी राहिलेली त्यांना चालत नव्हती आणि खाच बुजलेलीही चालत नव्हती. दोन दिवस ते पेटीत डोकं घालून बसले. वास कधीच गेला होता. नुसतेच बसले होते.

मग मी माझ्या परीनं तोडगा काढला. काका अंघोळीला गेले तेव्हा त्यांचाच फोन घेतला आणि शेडमागे जाऊन निनादला लावला. काकांचा आवाज सोपा आहे. नाकातून सुरू करायचं, मध्ये तंबाखू असल्यासारखं थांबायचं आणि शेवट गिळायचा. "हां साहेब, देवमन बोलून राह्यलो. बुजवून देतो खाचा. तुमी फिकर करू नोका."

निनाद खूश. मग काकांना माझ्या आवाजात सांगितलं की गिऱ्हाईक म्हणतंय, खाचांसकट चालेल. काका त्या दिवशी दोन वेळा चहा प्याले.

आता बुजवायचं काम माझ्याकडे. काका जेवायला गेल्यावर मी डब्याच्या झाकणात ग्राउट कालवलं, बोटावर घेतलं आणि खाचेला लावायला गेलो. बोट आत बसलं. अगदी बसलं, जणू मापानं केली होती. मी तसाच उभा राहिलो, इतका वेळ की ग्राउट माझ्या बोटावरच वाळलं. संध्याकाळी काकूंनी विचारलं, बोटाला काय झालं? म्हणालो, लागलं. भिंत मी होती तशी खोक्यात बांधली आणि ट्रॅव्हल्सवर टाकली. निनाद परत पाठवेल हे मला माहीत होतं. तेव्हाचं तेव्हा पाहू म्हटलं.

नंतर एके दिवशी फोन वाजला. काकांचा, माझा नाही, कारण निनादकडे आता तोही नंबर होता. व्हिडिओ कॉल. काका फोन ताटासारखा समोर धरतात, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. पेटी, काळी भिंत, आणि खाचांच्या वर कपारीत राणी, पाय पसरून बसलेली. तिनं वरपासून खालपर्यंत जाळं विणलं होतं आणि त्याचे जाड धागे नेमके खाचांमधून खाली सोडले होते.

काकांनी आजवर आपल्या भिंतीत कोणी बसलेलं पाहिलंच नव्हतं. गिऱ्हाइकं फोटो पाठवायची, पण प्राणी नेहमी मागे लपलेला. ते फोन डोळ्यांजवळ नेत नेत नाकापर्यंत आले.

"कमल," ते म्हणाले, "ये. तिनं दोर बांधला."

काकू पदराला हात पुसत आल्या, पाहिलं आणि म्हणाल्या, "बाप्पा, केवढी हाये!" पण हलल्या नाहीत.

तिकडून निनाद म्हणाला, "काका, खरं सांगतो, पार्सल उघडलं तेव्हा मी चिडलोच होतो. तुम्ही स्वतः फोनवर म्हणाला होतात ना, खाचा बुजवून देतो. बरं झालं नाही बुजवल्यात!"

काकांनी फोन बंद केला. समोरच्या थर्माकोलच्या दगडावर पालथा ठेवला. मी पंक्चरच्या दुकानाकडे निघालो होतो.

"थांब. मी फोन केला होता म्हणते तो."

"अं... हो."

"आवाज जमला असन."

"बरा जमला," मी म्हणालो. विचारलं तर सांगावं माणसानं.

"अबे गाढवा," काका सुरू झाले, "रस्तावाले आले तवा त्याइनं सगळ्याइले इचारलं. भाऊ म्हणला बुजवा. सरपंच म्हणला बुजवा. हे कमल म्हणली, जाऊ द्या आता. म्या तोंड उघडलं नाई. मशीन आली, माती पडली, तरी म्या तोंड उघडलं नाई. इहीर बुजली, पण माह्या तोंडानं नाई बुजली. एवढंच राह्यलं होतं माह्यापाशी. अन तू माह्या फोनवरून, माह्या आवाजात म्हणतं, बुजवून देतो?"

"पण बुजवली नाही ना काका."

"बुजवली नाई म्हून तं समोर उभा हायेस! नकला कर लेका. सरपंचाची कर, पुण्याची कर, माह्या खोकल्याची कर. पण तो शब्द माह्या आवाजात पुन्हा आयकू आला नं, तं तुले त्या पेटीत घालीन, वरून झाकण लावीन, अन वास गेला का नाई तेबी पाह्यणार नाई!"