सुदाम मास्तरांची दाढी

“संसर्गजन्य म्हणजे लागट ना, साहेब?” हेडमास्तरांनी माझीच चिठ्ठी माझ्यापुढे धरली. “मग सुदाम मास्तरांना वर्गात बसवू का नको, तेवढं सांगा.”

सही माझी होती. माझं अक्षर मलाच लागत नाही, पण नेमका तोच शब्द स्वच्छ उमटला होता.

पालमकडच्या एका गावात मी प्राथमिक आरोग्य केंद्राचा मेडिकल ऑफिसर होतो. नोकरीचं पहिलं वर्ष, त्यामुळे सगळं पाठ. सुदाम मास्तर चौथीला शिकवायचे. त्यांच्या गळ्यावर, जबड्याखाली लाल फोड यायचे, काहींत पू. तीन महिन्यांत मास्तर तीनदा दाखवायला आले. तिन्ही वेळा मी टेबलाच्या अलीकडूनच पाहिलं आणि ‘बार्बर्स इच’ लिहिलं. म्हणजे न्हाव्याच्या अस्वच्छ वस्तऱ्यामुळे केसांच्या मुळांना होणारा संसर्ग. कॅप्सूल दिल्या, मलम दिलं, वर भाषण दिलं, की सलून बदला. ते दर वेळी “बरं साहेब” म्हणायचे.

तिसऱ्या वेळी त्यांना अर्ध्या दिवसाच्या रजेसाठी ‘दवाखान्यात आले होते’ एवढीच चिठ्ठी हवी होती. मी हुशारी करून निदानही लिहिलं, वर ‘संसर्गजन्य’ हा शब्द. ती चिठ्ठी शाळेतून गावात गेली. चार पालक शाळेत येऊन म्हणाले, पोरांना लागंल, मास्तरला रजेवर धाडा.

मास्तर बाहेर बाकावर बसले होते. म्हटलं, आत्ताच निकाल लावू. नागोराव न्हावी रोज सकाळी पेटी घेऊन माझ्या क्वार्टरवर यायचे. त्यांना बोलावून घेतलं आणि भरल्या ओपीडीत सांगितलं, उद्यापासून मास्तरांची दाढी तुम्ही करा, वस्तरा उकळून, माझ्यासमोर.

नागोराव जमिनीकडे बघत राहिले. “वस्तरा धारंला टाकलाय, साहेब.”

त्याच वस्तऱ्यानं त्यांनी सकाळी माझी दाढी केली होती. मी तसं बोलूनही दाखवलं. हेडमास्तर खिडकीबाहेर बघू लागले.

मास्तर आत आले. “राहू द्या साहेब. त्यांना कशाला अडचणीत टाकता? माझ्या गालाला हात लावला तर उद्या गावातलं कुणी त्यांच्यापुढं बसायचं नाही. सात वर्षं झाली, माझी दाढी मीच करतो.”

“मग मी तीन महिने सलून सलून करतोय, बोलला का नाहीत?”

“तुम्ही विचारलंच नव्हतं, साहेब. नुसतं सांगत होता.”

ते बौद्ध. आडनाव केसपेपरवर मीच लिहिलेलं. विद्यापीठाच्या नामांतरावरून जिल्हा पेटलेला होता, रोज पेपरात यायचं, आणि मी बाहेरगावचा माणूस चहा पिताना म्हणायचो की आपल्या गावात तसलं काही नाही.

मग मी टेबल ओलांडून गेलो. भिंग घेतलं. जवळजवळ प्रत्येक फोडात एक केस कमानीसारखा वाकून परत कातडीत घुसला होता. कुरळ्या, राठ केसांचं हे दुखणं. केस कातडी ताणून, उलट्या दिशेनं अगदी मुळाशी कापला, की त्याचं टोक तिरपं आणि सुईसारखं होतं. वाढताना ते वळून आत शिरतं. शरीर त्याला काटा समजतं आणि सूज येते. दुसऱ्याला लागण्यासारखं त्यात काही नाही.

दाढी कशी करता, हे मी पहिल्यांदाच विचारलं. गार पाणी, पंधरा दिवस एकच ब्लेड, आणि दिवसातून दोनदा.

“दोनदा कशाला?”

“दुसऱ्याची वाढली तर कामात असेल म्हणतात. माझी वाढली तर घाण म्हणतात.”

उपाय नेमका हाच होता, तीन आठवडे दाढीला ब्लेड लावायचं नाही. फोडांनी जेवढं दुखलं नसेल तेवढं ते ऐकून त्यांना दुखलेलं दिसलं.

नवी चिठ्ठी लिहायला घेतली. आजार लागट नाही, दाढी वाढवणं हा उपचार आहे, इथपर्यंत सरळ गेलं. जुन्या निदानापाशी अडलो. आधी ‘सुधारित निदान’ असं गुळगुळीत लिहिलं. मास्तर बघत होते. ते खोडून ‘आधीचं निदान चुकीचं होतं’ असं लिहिलं. हेडमास्तर म्हणाले, एवढं लिहायलाच पाहिजे का? मला वाटत होतं, नको. पण लिहून झालं होतं.

मास्तर दुसऱ्या दिवशी दाढीचे खुंट तसेच ठेवून वर्गावर गेले. दोघा पालकांनी पोरं आठवडाभर घरी ठेवलीच. माझा पहिला शब्द दुसऱ्या चिठ्ठीपेक्षा जोरात पळाला होता. तीन आठवड्यांनी गळा निवळला. मग गरम पाण्याचा फडका पाच मिनिटं, भरपूर साबण, नवं ब्लेड, केस ज्या दिशेनं वाढतो त्याच दिशेनं एकच हात, आणि एक दिवसाआड. रुतलेला केस सुईनं उकरायचा नाही. फोड परत आले नाहीत.

मीही लाजेनं आठ दिवस स्वतःची दाढी स्वतः केली. तीन ठिकाणी कापलं. नवव्या दिवशी नागोरावांना निरोप धाडला. ते आले, साबण लावला आणि हळूच विचारलं, “मास्तरचं बरं हाय का आता?”

रोग्याला किती दिवसांपासून, किती दुखतं, हे आम्ही विचारतोच. मी त्यात ‘दाढी कोण करतं?’ हा एक प्रश्न वाढवला आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायला शिकलो.

घरात हा किस्सा निघाला की माझी धाकटी मुलगी दर वेळी विचारते, “मग नागोरावांनी शेवटी मास्तरांची दाढी केली का?”

नाही केली. माझी मात्र बदली होईपर्यंत रोज केली.