दोन्ही हातांचे सरगुंडे

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या त्याला आता महिना होईल. औरादच्या घरून निरोप आला तेव्हा मी लेकीकडं होते. सासूसाठी सून एवढी रडते, हे पाहून शेजारणींनी तोंडाला पदर लावला असेल. लावोत बापड्या.

निजामाच्या अमदानीत मी चिटगुप्प्याहून या घरात आले ती डावरी. आईनं हातावर लाटणं मारून पाहिलं होतं, पण खोड गेली नाही. पहिल्याच उन्हाळ्यात नणंदेच्या लग्नाचे सरगुंडे करायला बायका जमल्या. रव्याचं पीठ तिंबून बारीक वळी करायची, ती काडीभोवती फिरवायची आणि अलगद सरकवून खाटेवर वाळत घालायची. माझा पीळ सगळ्यांच्या उलटा पडायचा. आत्याबाईंच्या थोरल्या जावेनं, अक्कांनी, तो लगेच हेरला.

“डाव्या हाताचं लग्नात न्हाई चालत. ऊठ बाई.”

मी उठले आणि गोठ्यात जाऊन पोटभर रडले. चार बायकांत बसायची जागाच गेली, तर या घरात माझं राहिलं काय... आत्याबाई तेव्हा एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचाही मला राग आला.

लग्नाच्या आदल्या दिवशी सरगुंड्यांची पाटी बाहेर निघाली. अक्का म्हणाल्या, “हिचे येचून बाजूला काढा.”

“तुमीच काढा की अक्का,” आत्याबाई म्हणाल्या.

अक्कांनी पाटीत हात घातला आणि थबकल्या. निम्मी पाटी उलट्या पिळाची! माझे तर मूठभरच होते. बाकीचे आत्याबाईंनी आठ दिवस दुपारी दार लोटून, डाव्या हातानं वळले होते.

“कामून बघायलाव? हे माझे हायत. माझे बी टाकताव काय?”

मग आत्याबाईंनी मला हाक मारली, “पोरी, पाट घे. बस हितं.”

पुढं अक्का गेल्या, नावं ठेवणारं कुणी उरलं नाही. तरी दर उन्हाळ्यात आत्याबाई निम्मे सरगुंडे डाव्या हातानंच वळायच्या. “आता कशाला तरास घेताव?” विचारलं की म्हणायच्या, “सवय झाली गं.” सवय कसली... माया होती ती.

परवा त्यांचा डबा उघडला. तळाशी पसाभर सरगुंडे, दोन्ही पिळांचे, आणि त्यांतच त्यांची काडी. तेव्हापासून रोज दुपारी बसते. डाव्या हाताचे भराभर होतात. आत्याबाईंचा मूळ हात उजवा; त्या हाताचे माझे वाकडे होतात, तुटतात, तरी निम्मे वळतेच. नाहीतर पाटीत आत्याबाईंचे कुठून येणार?