मधला ओढा

"टोकं बघितली, आता मधी बघा," एवढे म्हणून सर खडू टेबलावर ठेवत, हात झटकत आणि खुर्चीत बसून घेत. उत्तर येईपर्यंत ते उठत नसत. असे थकलेले गणिताचे सर तुम्हीही पाहिले असतील. आमचे शेवगावच्या ज्युनियर कॉलेजात होते. नव्वदच्या दशकात मी तिथे जरा उशिराच नोकरीला लागलो आणि स्टाफरूममध्ये त्यांच्या समोरची खुर्ची मला मिळाली. मी फारसे बोलत नसे. त्यांना ते सोयीचे वाटत असावे.

अकरावीला द्विघाती फलाची व्याप्ती, म्हणजे फलाच्या किमती कुठून कुठपर्यंत पोचतात ते, शोधताना मुले दरवर्षी एकच चूक करीत. दोन टोकांच्या किमती काढून मोकळी होत. सर दरवर्षी तितक्याच शांतपणे शून्य देत. "चिडायचं वय गेलं," असे ते मला एकदा म्हणाले.

एका सहामाहीत त्या शून्यामुळे एक मुलगी नापास झाली. वडील तिला घेऊन स्टाफरूममध्ये आले.

"सर, तीन मार्कांचा सवाल हाय. द्या की. घरचे म्हनत्यात, नापास झाली तर कॉलेज बंद, स्थळं बघा."

"बसा. घरून मळ्यात जाता तवा मधी काय लागतं?"

"ओढा लागतो."

"पोरीनं ओढाच सोडला. शून्याला सात, पाचाला बारा. लिवलं सात ते बारा."

"पानी न्हाई त्याला, म्हनून सोडला आसंल," वडील म्हणाले. सर हसले. ते क्वचितच हसत.

त्यांनी पेपर तिच्यापुढे सरकवला. क्ष वर्ग, वजा चार क्ष, अधिक सात; क्ष शून्यापासून पाचापर्यंत. तिने पूर्ण वर्ग केला: क्ष वजा दोनचा वर्ग, अधिक तीन.

"वर्ग शून्याच्या खाली जात नाही, सर. म्हणून तीन ते बारा."

"बरोबर."

"मग मार्क?" वडिलांनी विचारले.

"आज बरोबर हाय. परीक्षेत चूक हुतं, ते तसंच ऱ्हाईल." सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "दादा, वार्षिकपर्यंत थांबा. मधल्या सुट्टीत मी घेतो तिला. स्थळं कुठं पळून चालली का?"

वडिलांनी टोपी हातात फिरवली. "वार्षिकपर्यंत. फुडं न्हाई."

तेव्हापासून सरांचा डबा बहुधा तसाच परत जाई. ती मोठ्याने गणित सोडवी. सर डोळे मिटून ऐकत. झोप लागली असे मला वाटे, पण पायरी चुकली की त्यांचे एक बोट वर येई.

थंडी सरता सरता ते आजारी रजेवर गेले. मधल्या सुट्टीत मुलगी येऊन रिकाम्या खुर्चीपुढे उभी राहिली. मी माझ्याजवळची खुर्ची ओढून दिली.

उन्हाळ्यात पुणतांब्याला, त्यांच्या गावी, सर वारले.

जूनमध्ये बारावीची हजेरी मी घेतली. तिच्या नावाशी आलो, तेव्हा मान वर करण्याचे धैर्य मला झाले नाही.

"हजर," ती म्हणाली.