चार टाक्यांची दिवाळी

त्या वर्षी दिवाळीला आमची सगळी इमारत गावाकडे गेली आणि मी गोगलगायींसाठी सुरतेत मागे राहिले.

वडील यंत्रमागावर कामाला होते. दिवाळीत कारखाने सुटीला बंद झाले की आम्ही डिंडोलीतली खोली बंद करून धुळ्याकडे जायचो. ते कधी चुकलं नव्हतं. पण मी तेव्हा प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझ्या चार टाक्या होत्या.

हजीऱ्याकडच्या खाडीत चिखलात एक समुद्री गोगलगाय मिळते. तिचा शंख जाड आणि त्याचं तोंड अरुंद असतं. तीच जात उघड्या किनाऱ्यावरच्या दगडी बांधावर, लाटांच्या माऱ्यातही राहते. तिथे शंख पातळ आणि तोंड रुंद, कारण दगड धरून ठेवायला पाय मोठा लागतो. हा फरक आईबापांकडून येतो की जागेमुळे होतो, एवढंच मला पाहायचं होतं. दोन्हीकडची अंडी आणून मी पिल्लं वाढवली. प्रत्येक ठिकाणच्या पिल्लांना दोन टाक्या. त्यांतल्या एकीत जाळीमागे खेकडा. खाडीत खेकडे फार, आणि खेकडा शंख फोडून गोगलगाय खातो. जाळीमुळे त्याला काही करता येत नव्हतं, नुसता त्याचा वास पाण्यात उतरायचा.

"तू एकटी कशी ऱ्हाशी? तुन्हं जेवण कोन करी?" निघताना मायने विचारलं.

"मी करेन गं," मी म्हणाले. ती अहिराणीत बोलायची आणि मी पुस्तकी मराठीत उत्तर द्यायचे. कधीपासून, ते आठवत नाही.

"ऱ्हाऊ दे तिले," वडील म्हणाले. "तिन्हं काम शे."

दोन दिवसांत जिन्यावर फक्त माझ्या चपला उरल्या. रोज सकाळी कॉलेजात जाऊन पाणी बदलायचं, शंख मोजायचे, परत यायचं. एकदा मायचा फोन आला तेव्हा माझा आवाज घोगरा निघाला. दिवसभरात मी कुणाशी बोललेच नव्हते. लक्ष्मीपूजनाला दारात पणती लावली आणि शेजारच्या कुलपांकडे बघत थोडा वेळ पायरीवर बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली आणि पाण्यात हवा सोडणारे पंप थांबले. मी प्लास्टिकचा मग घेऊन चारही टाक्यांत पाणी उंचावरून ओतत राहिले. तीन तास. दंड भरून आले. तरी अकरा पिल्लं गेली. एवढीएवढीशी, नखाएवढी. मी तिथेच स्टुलावर बसून रडले. मायला फोनवर म्हणाले, "सगळं ठीक आहे."

दिवाळीनंतर शेजारी परतले. माझे आईवडील परतले नाहीत. मागांच्या आवाजाने वडिलांचे कान पार गेले होते. आता काकांबरोबर शेतीच बघायची, असं त्यांनी ठरवलं. मायने ते मला फोनवर सांगितलं, अगदी सहज. खोलीतली भांडी त्यांनी सगळी मलाच ठेवली होती.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मोजमापं पूर्ण झाली. खेकड्याच्या वासात वाढलेल्या पिल्लांचे शंख जाड झाले होते, मग ती खाडीची असोत की बांधावरची. पण बांधावरच्यांचं तोंड मात्र संथ पाण्यातही रुंदच राहिलं. त्यांनी जन्मात कधी लाट पाहिली नव्हती.

"सरस काम थयुं, बेन," माझे मार्गदर्शक सर आकडे पाहून गुजरातीत म्हणाले आणि तासाला निघून गेले.

त्या संध्याकाळी मी वडिलांना फोन केला. ओरडून ओरडून सांगितलं. त्यांना किती ऐकू गेलं कोण जाणे.

"खेकडा जाळीमांगे व्हता तरी त्यासले भ्या वाटनं का?" त्यांनी विचारलं.

"ते मोजता येत नाही, बाबा."

मग मायने फोन घेतला आणि मी काय जेवले ते विचारलं. मी अजून काही केलंच नव्हतं.