मामा बोलतील

तीन बहिणींच्या तीन घरांत एकच वाक्य चाले : "मामा बोलतील." पोराने परीक्षेत दिवे लावले, मामा बोलतील. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने गच्चीला कुलूप ठोकले, मामा बोलतील. तिघींचे नवरे शिकलेसवरलेले, हाताखाली माणसे बाळगणारे. पण घरात अवघड विषय निघाला की तिघांच्याही तोंडात मिठाची गुळणी. मग मेव्हण्याला फोन.

मामांची ही नेमणूक त्यांच्या नोकरीवरून झाली होती. न्हाणीघराचे सामान विकणाऱ्या एका मोठ्या दुकानात ते कित्येक वर्षे विक्रेते होते. नवे घर घेतलेले जोडपे कमोडसमोर संकोचून उभे राहिले की मामा पुढे होत. बसायची उंची, पाण्याचा जोर, झाकणाचा आवाज हे सगळे ते अशा सहजतेने सांगत, की एक घ्यायला आलेले जोडपे दोन घेऊन जाई. ज्याला कमोडवर बोलायची लाज वाटत नाही त्याला कशाचीच वाटणार नाही, असा निष्कर्ष बहिणींनी काढला. तो चुकीचा होता. पण हे फक्त मामींना माहीत होते, आणि मामींना कोणी विचारले नव्हते.

थोरल्या दोघींच्या मुलांना 'वयाच्या गोष्टी' मामांनीच समजावल्या होत्या. त्यांतला मोठा भाचा आता नोकरीला लागला आहे. त्या दिवशी काय शिकलास, असे मामींनी त्याला एकदा विचारले तेव्हा तो म्हणाला, "नळाचा वॉशर बदलायला. अजून उपयोगी पडतं."

आता धाकटीच्या मुलाचा नंबर लागला. त्याला सगळे बारक्या म्हणत. आईच्या डोक्यावरून बघायला लागला तरी म्हणत. आवाज फाटला होता, वरच्या ओठावर काजळी धरली होती. तेवढ्यावर कोणाची तक्रार नव्हती. पण एका सकाळी तो स्वतःची चादर धुताना आईला सापडला. आधी तिला कौतुक वाटले, पोरगा हाताशी आला म्हणून. काही दिवसांनी पुन्हा सापडला, तेव्हा कौतुक आटले. तिने नवऱ्याच्या कानावर घातले. नवरा हिशेब खात्यातला अधिकारी. त्याने पंख्याकडे पाहिले, पंखा नीट फिरत असल्याची खात्री करून घेतली आणि म्हणाला, "मामा आहेत ना."

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मामांनी बारक्याला दुकानात नेले. चावी त्यांच्याकडेच असे. आत गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी ठेवलेली फ्लशची एक टाकी होती, पुढची बाजू काचेची. पाणी कसे भरते, तरंगता गोळा कसा वर चढतो, सगळे दिसे. मामांनी बारक्याला तिच्यासमोर स्टुलावर बसवले, स्वतः घसा साफ केला आणि सुरुवात केली.

"हे बघ, माणूस म्हणजे काय? एक टाकी."

पुढचे सगळे त्याच वाटेने गेले. लहानपणी टाकी छोटी असते. वय वाढते तशी ती मोठी होते. आत भरत जाते. जोर वाढतो. मग कधीतरी जास्तीचे बाहेर पडते, त्यासाठी वरच्या बाजूला नळी दिलेलीच असते. यात घाबरण्यासारखे काही नाही, फक्त जोर सांभाळायचा. गोळा, नळी, झडप, सगळे मामांनी बोटाने दाखवले. ज्याबद्दल बोलायचे होते ते तेवढे दाखवले नाही, आणि त्याचे नावही घेतले नाही. ताकाला जाऊन भांडे लपवणे म्हणतात ते हेच. फक्त इथे भांडे चिनी मातीचे होते.

बारक्या काचेकडे बघत ऐकत होता. शेवटी त्याने एकच विचारले, "मामा, टाकी भरूच दिली नाही तर?"

मामांना भरून आले. इतका हुशार प्रश्न त्यांना गिऱ्हाइकानेही कधी विचारला नव्हता. "शाब्बास," ते म्हणाले. "मग गळायचा प्रश्नच नाही."

संध्याकाळी तिन्ही घरांत फोन गेले. काम फत्ते. धाकटीचा नवरा म्हणाला, मामांसारखा माणूस घराघरात हवा. मामींनी मात्र जेवताना विचारले, "काय सांगितलंत नेमकं?"

"सगळं."

"कुठल्या शब्दांत?"

"शास्त्रीय," मामा म्हणाले आणि त्यांनी विषय बदलला. 

बारक्याने दुसऱ्या दिवसापासून पाणी पिणे सोडले. एकदम नव्हे, तो शहाणा मुलगा होता. आधी रात्रीचे सोडले, मग दुपारचे. शाळेची बाटली भरलेली जाई आणि भरलेली परत येई. आईला वाटले, पोरगा खेळाच्या नादात पाणी प्यायला विसरतो. ऊन तापलेले, आणि शाळेत धावण्याचा सराव चालू. मैदानाच्या वळणावर बारक्याचे पाय वाकले आणि तो तोंडावर पडला.

दवाखान्यात त्याला सलाईन लावले. तिन्ही बहिणी आल्या, तिघींचे नवरे आले, दुकानाच्या गणवेशातच मामा धावत आले. मामी त्यांच्या मागून. डॉक्टरीण बाई कामाच्या घाईतल्या, बोलायला सडेतोड. पोराच्या अंगात पाणी उरलेले नाही, त्या म्हणाल्या, आणि बारक्याला त्यांनी सरळ विचारले की पाणी का पीत नव्हतास.

"टाकी भरायला नको म्हणून," बारक्या म्हणाला.

"कुठली टाकी?"

"मामा म्हणाले, भरली नाही तर गळत नाही."

"मामा कोण?" बाईंनी विचारले. सगळ्या खोलीने एकाच दिशेला पाहिले. एरवी ज्यांना पंखे आणि खिडक्या बघायची सवय, तेही या वेळी न चुकता मामांकडेच बघत होते.

काय झाले असेल ते बाईंना एका क्षणात उमगले. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढले, दाराचा पडदा ओढला आणि आत मामांना ठेवले. "तुम्ही घातलेला गोंधळ आहे, तुम्हीच निस्तरा," त्या म्हणाल्या आणि पलीकडच्या टेबलावर सुया मोजत बसल्या. कान इकडेच होते.

मामा खाटेच्या कडेला टेकले. बारक्याचे ओठ सुकून फुटले होते. त्याने दाराकडे नजर टाकली आणि हळूच म्हटले, "मामा, पाणी सोडलं तरी गळतंच आहे. परवा पण. म्हणजे माझा पाइपच गेलाय ना?"

"छे रे. हे बघ, समज एक वॉशर..."

"वॉशर नको, मामा." बारक्याचा फाटका आवाज आणखी फाटला. "मला मोठा आजार झालाय का, तेवढं सांगा. आईला नाही सांगणार."

मामांनी उभ्या आयुष्यात इतके नळ विकले, पण घशाला कोरड पडणे म्हणजे काय ते त्यांना त्या खाटेवर कळले. पोरगा पंधरवडाभर एकटा मरणाला भीत होता, आणि त्याला भीती घालणारा तज्ज्ञ आपणच.

"आजार नाही," ते म्हणाले. मग एकदाचे बोलले. "ते पाणी नाही. लघवीही नाही. त्याला वीर्य म्हणतात. या वयात मुलांच्या अंगात ते तयार व्हायला लागतं आणि कधी झोपेत आपोआप बाहेर येतं. पाण्याचा त्याच्याशी संबंध नाही. त्यानं अशक्तपणा येत नाही, काही कमी होत नाही. आणि तू काही चूक केलेली नाहीस."

"सगळ्यांना होतं?"

"बऱ्याच जणांना. मलाही व्हायचं."

 मामांना व्हायचे, या गोष्टीने बारक्याला सलाईनपेक्षा लवकर तरतरी आली. त्याने पाणी मागितले. प्यायला, पुन्हा मागितले, आणि मग बांध फुटल्यासारखा सुटला. आवाज कधी नीट होणार, पुटकुळ्या फोडल्या तर चालतात का, काखेचा वास कशाने जातो. मामांना येत होते तेवढे त्यांनी सांगितले. छातीवर एका बाजूला गाठ आल्यासारखी दुखते, असे तो म्हणाला तेव्हा मामांच्या जिभेवर पुन्हा नळ-तोटीचे काहीतरी पितळी येऊ लागले. ते त्यांनी गिळले.

"हे मला माहीत नाही," ते म्हणाले.

"मला आहे," डॉक्टरीण बाई टेबलावरूनच म्हणाल्या, आणि त्यांनी येऊन तपासले. या वयात पुष्कळ मुलांना असे होते, बहुतेकांचे आपोआप जाते, त्या म्हणाल्या. तरी महिन्याने पुन्हा दाखव.

पडदा म्हणजे भिंत नव्हे. बाहेर बाकावर बसलेल्या बहिणींनी शब्द न् शब्द ऐकला होता. थोरल्या दोघींचे नवरे गाडी नीट लावली का ते बघायला निघून गेले होते. धाकटीचा नवराही उठला होता. पण मामी त्याच्या वाटेत पाय पसरून अशा बसल्या होत्या, की ओलांडल्याशिवाय जाता येईना.

"बाबा," आतून बारक्याने हाक मारली. "तुम्हालाही व्हायचं?"

हिशेब खात्यातल्या अधिकाऱ्याने मामांना शोधले. मामा पडद्याच्या फटीतून त्याच्याकडे बघत होते, पण तोंड उघडत नव्हते. त्याने बायकोकडे पाहिले. ती त्याच्याकडेच बघत होती, पहिल्यांदाच पाहिल्यासारखी.

"हो," तो पुटपुटला.

"ऐकू नाही आलं," आतून बारक्या म्हणाला.

"हो, म्हटलं ना," अधिकारी इतक्या मोठ्याने म्हणाला, की औषधांच्या खिडकीपाशी उभे असलेले सगळे वळून बघू लागले.